बॉबरचं चार्जिंग: लाइट लावली की १३.३, बंद केली की १३.९. कॉइल प्लेट गेली का?

रंकाळा_बॉबर

नमस्कार मंडळी. ५०० सीसी सिंगल सिलेंडरवर बांधलेली बॉबर (कापून-छाटून हलकी केलेली बाइक) आहे, कार्ब्युरेटरवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चार पोस्टीत धागा ब्रँडच्या भांडणावर जातो. कॉइल प्लेटमधून (इंजिनमधली वीज बनवणारी कॉइल, स्टेटर) तीन पिवळ्या वायरी बाहेर येतात. आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर, एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा) सहा वायरींचा: तीन पिवळ्या, एक लाल, एक हिरवी, एक काळी. बॅटरी १२ व्होल्ट ९ एएच सीलबंद. वायरिंग पहिल्यापासून नवीन ओढलंय, फक्त चावीचा स्विच जुनाच ठेवलाय. चेसी शिरोलीतून पावडर कोट करून आणलीय. हेडलाइट ६०/५५ हॅलोजन, खाली २० वॉटचे दोन एलईडी फॉग.

बॅटरीच्या टोकांवर घेतलेली रीडिंग, व्होल्टमध्ये:

रात्रभर उभी, चावी बंद: १२.४
स्लोला (११०० आरपीएम), सगळ्या लाइट चालू: १२.२
४००० ला, लाइट बंद: १३.९
४००० ला, लो बीम आणि फॉग चालू: १३.३

संध्याकाळचं दोन-तीन दिवस शहरात फिरवली की सेल्फ नुसता कट-कट करतो. गगनबावड्याला जाऊन आलं तरी बॅटरी पूर्ण भरत नाही. आरआर नवा टाकला, आकडे जागचे हलले नाहीत. आता कॉइल प्लेट रिवाइंड करून घेऊ का? की सरळ लिथियम बॅटरी टाकू?

उद्यमनगर_वायरमन

इंजिनचं कव्हर इतक्यात उघडू नका. ऑइल जाईल, गॅस्केट जाईल आणि दोष बहुतेक दुसरीकडेच निघेल.

बॅटरीवर व्होल्टेज कमी दिसण्याची कारणं दोनच: करंट तयारच होत नाही, किंवा तयार होतो पण बॅटरीपर्यंत पोचत नाही. तुम्ही मोजलंय फक्त शेवटच्या टोकाला. तिथं दोन्ही दोष सारखेच दिसतात.

आधी बॅटरी चार्जरवर भरून घ्या, साधारण ०.९ अँपिअरनं रात्रभर. उतरवल्यावर तीन-चार तास ठेवून मोजा. १२.७ च्या वर पाहिजे. मग सेल्फ मारताना बघा, १० च्या खाली जायला नको. अर्धमेल्या बॅटरीवर घेतलेल्या पुढच्या रीडिंगना काही अर्थ नसतो.

मग कॉइल प्लेट. आरआरकडचा पिवळ्या वायरींचा कपलर सोडवा. मीटर ओहमच्या सगळ्यात खालच्या रेंजला लावून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. ०.२ किंवा ०.३ येईल, तो प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स, प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचा. पिवळी-पिवळी अशा तिन्ही जोड्या मोजा. वजा केल्यावर एक ओहमच्या आत आणि तिन्ही सारख्या पाहिजेत. नंतर प्रत्येक पिवळी ते इंजिनची बॉडी: मीटरवर ओएल किंवा नुसता १ दिसला पाहिजे, म्हणजे मध्ये जोडच नाही. इथं काहीही आकडा आला तर कॉइल बॉडीला लागलीय, मग रिवाइंडिंगला पर्याय नाही.

कपलर सुटलेलाच ठेवून गाडी चालू करा, मीटर एसी २०० ला लावा. ४००० ला प्रत्येक जोडीत ५०-७० च्या आसपास व्होल्ट येतील. आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का ते बघा. एक जोडी ठीक आणि दोन पडलेल्या असतील तर एक फेज गेलीय. तिन्ही सारख्याच कमी असतील तर मॅग्नेट बघावा लागेल. आणि त्या पिवळ्या टोकांना हात नको, चांगलाच झटका बसतो.

आता मुख्य मोजमाप, जे गॅरेजात कोणी घेत नाही. सगळं परत जोडा. लाइट, फॉग चालू, ४००० आरपीएम, मीटर डीसी २० ला. एक प्रोब आरआरच्या लाल वायरीच्या टर्मिनलवर (कपलरच्या मागून टाचणी घालून), दुसरा बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या टोकावर. ०.२ च्या आत पाहिजे. मग एक प्रोब आरआरच्या हिरव्या वायरीवर, दुसरा बॅटरीच्या मायनसवर. इथंही तेवढंच. लाइट बंद ठेवून हे मोजू नका. करंट कमी असला की खराब जोडही चांगला दिसतो.

जाता जाता: स्वस्तातले पिवळे मीटर एसी रेंजवर बॅटरीला लावले तर २८ वगैरे दाखवतात आणि माणूस घाबरून आरआर बदलतो. प्रोब उलटे करून बघा. शून्य आलं तर मीटरचा गुण आहे, आरआरचा नाही.

पन्हाळा_कट्टा

भावा, एवढं मोजत बसायचं कशाला? लिथियम टाक, वजनपण दीड-दोन किलोनं कमी. आणि दिवसा लाइट बंद ठेवत जा, कॉइलला आराम मिळतो. विषय संपला.

तीन_पिवळ्या

दोन्ही गोष्टी उलट्या आहेत, राग मानू नका.

बाजारात मिळणारे बहुतेक आरआर शंट पद्धतीचे असतात. मॅग्नेट कायम फिरतोय, त्याला कमी-जास्त करता येत नाही. कॉइलमध्ये वीज बनतच राहते. जेवढी लागत नाही तेवढी आरआर पिवळ्या वायरी आपसांत शॉर्ट करून जिरवतो. म्हणजे लाइट बंद केली तरी कॉइलमधला करंट जवळपास तेवढाच, फक्त तो हेडलाइटऐवजी आरआरमधून फिरून परत येतो. लाइट बंद ठेवून कॉइलला आराम मिळत नाही. कॉइल खरंच थंड ठेवायची तर सिरीज पद्धतीचा आरआर (शॉर्ट न करता कॉइलची लाइनच तोडणारा) घ्यावा लागतो, उदाहरणार्थ शिंदेनगेनचा एसएच८४७. त्याच कंपनीचा एफएच०२०एए मॉस्फेटवाला आहे, स्वतः कमी तापतो, पण पद्धत शंटचीच. या गाडीला सध्या दोन्हींची गरज नाही.

लिथियमचं म्हणाल तर पूर्ण भरलेली लिथियम फॉस्फेट बॅटरी नुसती उभी असतानाच १३.३ च्या आसपास दाखवते. यांची गाडी लाइट लावून देतेच १३.३. मग भरणार कशी? आणि उद्या व्होल्टेज मर्यादेच्या वर गेलं तर बऱ्याच बॅटऱ्यांतलं संरक्षण सर्किट बॅटरीच तोडून टाकतं. बॅटरी सुटली की आरआरच्या लाटा सावरायला कोणी उरत नाही, त्या सरळ सीडीआय (इग्निशनचा डबा) आणि एलईडीवर जातात. मग आपल्याकडं म्हणतात तसं, जाळ आणि धूर संगटच.

रंकाळा_बॉबर

मोजलं. बॅटरी भरून १२.८, सेल्फ मारताना १०.४. पिवळ्या वायरी तिन्ही जोड्यांत ०.७, प्रोबचे ०.३ वजा करून ०.४. बॉडीला ओएल. एसी ५८, ५८, ५९.

लाइट चालू, ४००० ला: लाल ते प्लस ०.१२. हिरवी ते मायनस १.७०. दोनदा बघितलं, १.७० च आहे.

उद्यमनगर_वायरमन

सापडलं. कॉइल प्लेट ठणठणीत आहे, रिवाइंडिंगचे पैसे वाचले.

१.७ चा अर्थ बघा. तुमचा लोड: लो बीम ५५ वॉट आणि फॉग ४० वॉट मिळून ९५ वॉट, म्हणजे १३.३ वर ७ अँपिअरच्या वर. इग्निशन, टेल, मीटर मिळून दोन-सव्वादोन. बॅटरी भरायला दीड धरा. पावणेअकराच्या घरात जातं. १.७ गुणिले १०.८ म्हणजे १८ वॉट, आणि ते एका जोडात जळतायत. हातातलं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. गाडी दहा मिनिटं चालवून त्या जोडाला बोट लावा, चटका बसेल.

जोड नेमका कोणता ते असं शोधा. एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर कायम ठेवा, दुसरा पुढं सरकवत न्या: मायनसचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), इंजिनचा बोल्ट, इंजिनची उघडी बॉडी, चेसीचा उघडा धातू, आरआरच्या अर्थिंगच्या बोल्टचं डोकं, त्यावरचं थिंबल, हिरवी वायर. आकडा जिथं एकदम उडी मारेल तिथं दोष.

माझा अंदाज सांगतो: हिरव्या वायरीचं थिंबल चेसीच्या टॅबवर आहे आणि टॅबवर पावडर कोट. पावडर कोटचा थर ६०-८० मायक्रॉनचा असतो आणि तो प्लास्टिकच. तुमची अर्थिंग फक्त बोल्टच्या आट्यांतून चाललीय. बोल्ट काढल्यावर थिंबलखाली गोल चकचकीत वळ दिसेल, रंग दाबलेला पण फुटलेला नाही. कंटिन्यूटीला बीप वाजते म्हणून हे लक्षात येत नाही. बीप मिलिअँपिअरवर वाजते, इथं अकरा जातायत.

टॅब घासून काम होईल, पण ते करू नका. हिरवी वायर चेसीवरून काढा आणि आरआरपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. २.५ स्क्वेअर एमएम, बारीक तारांची ऑटो वायर. घरगुती वायरिंगमधली कडक वायर नको, थरथरीनं थिंबलच्या तोंडाशी तुटते. २.५ च्या तांब्याला मीटरमागं साधारण ७ मिलिओहम. ६० सेंटिमीटर लांबी धरली तर ११ अँपिअरला ०.०५ व्होल्टही पडत नाहीत. हीच वायर ०.७५ ची घेतलीत तर तिपटीहून जास्त.

थिंबल क्रिंप करा, नीट हत्यारानं. पक्कडीनं चेपून वर सोल्डर ओतायची पद्धत आहे, पण सोल्डर इन्सुलेशनच्या आत चढतं, तिथं वायर कडक होते आणि नेमकी त्याच कडेला मोडते. बॅटरी ते इंजिन वेगळी जाड वायर हवीच, सेल्फचा करंट तिच्यातून जातो. इंजिन ते चेसी एक पट्टी, तिथं मात्र रंग धातूपर्यंत घासून स्टार वायसर टाका, घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. आपल्याकडच्या पावसात उघडा घासलेला धातू पंधरा दिवसांत लाल होतो.

रंकाळा_बॉबर

अंदाज बरोबर, थिंबलखाली तसाच वळ होता. हिरवी वायर थेट मायनसला घेतली. हिरवी ते मायनस आता ०.०५.

पण आता दुसरंच. ४००० ला लाइट बंद १४.४५, लाइट चालू १४.९५. लाइट लावल्यावर वाढतंय! नवा आरआर पण गेला का?

तीन_पिवळ्या

आरआर गेला असता तर आरपीएमबरोबर व्होल्टेज चढत गेलं असतं आणि लाइट लावल्यावर खाली आलं असतं. तुमचं लोड टाकल्यावर चढतंय. हे लक्षण एकाच गोष्टीचं: सेन्सची वायर खोटं सांगतेय.

तुमची सहावी काळी वायर म्हणजे आरआरचा डोळा. ती चावीनंतरच्या लाइनला जोडलेली असते. काळी आणि हिरवी यांच्यातलं व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर धरायचं एवढंच आरआरला कळतं. बॅटरीवर किती आहे ते त्याला दिसत नाही. आता काळी आणि हिरवी यांच्यामध्ये मीटर लावून बघा, लाइट चालू असो वा बंद, १४.३ च्या आसपास स्थिर दिसेल. मग बॅटरी प्लस ते काळी मोजा. लाइट लावून ०.७ च्या जवळपास यायला हवं.

हे ०.७ तुमच्या जुन्या चावीच्या स्विचमध्ये पडतायत. इग्निशन, हेडलाइट, फॉग, सगळे मिळून नऊ-सव्वानऊ अँपिअर त्या झिजलेल्या कॉन्टॅक्टमधून जातायत. काळी वायर स्विचच्या पलीकडं असल्यानं तिला व्होल्टेज ०.७ नं कमी दिसतं आणि आरआर तेवढं चढवून देतो.

आता मजा बघा. आधी दोन दोष एकमेकांना झाकत होते. १४.३ मधून अर्थिंगचे १.७ गेले, स्विचचे ०.७ उलटे मिळाले, उरले १३.३. तुमचा पहिल्या पोस्टमधला आकडा. लाइट बंद असताना करंट साडेतीनच्या आसपास, म्हणून अर्थिंगचे ०.५६ गेले, स्विचचे ०.१७ मिळाले: १३.९. तोही जुळतो. एक दोष काढल्यावर दुसरा उघडा पडला. त्या आधीच्या अवस्थेत कोणी तुमचा स्विच साफ करून दिला असता तर व्होल्टेज आणखी पडलं असतं आणि तुम्ही त्या बिचाऱ्यालाच शिव्या घातल्या असत्या.

१४.९५ वर लांब पल्ला मारू नका. सीलबंद बॅटरी तापते, आतलं पाणी व्हॉल्व्हमधून जातं आणि ते परत भरता येत नाही.

काळी वायर थेट बॅटरीला जोडायचा मोह होईल. तसं केलंत तर चावी बंद असतानाही आरआर थोडा करंट खात राहतो आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरते. काढून तर अजिबात टाकू नका. डोळाच गेला तर या पद्धतीचा आरआर पूर्ण जोरानं देत सुटतो.

करायचं ते हे: हाय, लो आणि फॉग, तिघांना तीन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच). रिलेचं ३० नंबर बॅटरीच्या प्लसला, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. ८७ बल्बला. ८६ ला सध्याची स्विचमधून येणारी वायर, ८५ अर्थिंगला. रिलेची कॉइल ०.१५ अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे चावीच्या स्विचमधला भार नऊवरून अडीचवर येतो. रिले पाय खाली करून बसवा, पाणी साचत नाही. स्विच जमला तर बदलाच. उघडून पॉलिश पेपर मारला तर थोडे दिवस चालतो, कॉन्टॅक्टचा वरचा थर गेला की पुन्हा काळा पडतो.

रंकाळा_बॉबर

काळी ते हिरवी १४.३, लाइट लावा नाहीतर बंद करा. प्लस ते काळी ०.७० होतं. तीन रिले टाकल्यावर ०.२०. बॅटरीवर ४००० ला आता लाइट बंद १४.४, चालू १४.४५. नाद खुळा.

एकच राहिलं. स्लोला सगळं चालू ठेवलं की अजून १२.३ च. आणि आरआर सीटखालच्या पत्र्याच्या डब्यात आहे, चालेल का?

उद्यमनगर_वायरमन

डब्यातून बाहेर काढा. त्याच्या पाठीवरचे पंखे (थंड करणाऱ्या पट्ट्या) उभे, वारा लागेल तिथं. तापलेला आरआर मरतो ते याच कारणानं.

स्लोचं आता दोषाचं नाही, हिशोबाचं आहे. ११०० ला कॉइल प्लेट देऊन देऊन किती देणार? तुम्ही सव्वाशे वॉट मागताय. हळूहळू शंभर-शंभर आरपीएम वाढवत जा आणि बॅटरीवर १२.९ कधी ओलांडतं ते लिहून ठेवा. एकदा फॉगसकट, एकदा फॉगशिवाय. त्या आकड्याच्या खाली गाडी बॅटरीतून खाते, वर गेली की भरते. फॉगशिवायचा आकडा बराच खाली येईल, ४० वॉट काही थोडे नाहीत. दाभोळकर कॉर्नरला गाडी तुंबली की फॉगचं बटण बंद करायचं. तेवढ्यावर भागलं नाही तर हेडलाइट एलईडी करा, पण आख्खं युनिट बदला. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब घातला की उजेड समोरच्याच्या डोळ्यात.

शेवटचं एक मोजा. चावी बंद, बॅटरीचा मायनस सोडवून थिंबल आणि टोक यांच्यामध्ये मीटर, आधी १० अँपिअरच्या रेंजला, काही दिसलं नाही तर मिलिअँपिअरला. घड्याळ किंवा अलार्म नसेल तर एक-दोन मिलिअँपिअरच्या वर यायला नको. मीटर असा लावलेला असताना चुकूनही चावी फिरवून सेल्फ मारू नका. जास्त आलं तर आरआरची लाल वायर सोडवून परत बघा. आकडा शून्यावर आला तर गळती आरआरच्या डायोडमधून आहे, नाहीतर तुमच्या नव्या रिलेंच्या जोडणीत.

रंकाळा_बॉबर

०.४ मिलिअँपिअर. फॉगसकट १९००, फॉगशिवाय १४५०. आरआर उद्या समोर डाउनट्यूबवर (इंजिनपुढच्या चेसीच्या नळीवर) घेतो, हिरवी वायर लांब करावी लागेल. ९० सेंटिमीटरला २.५ च चालेल ना?

उद्यमनगर_वायरमन

चालेल, ०.०७ पडेल. जोड मारून वाढवू नका, आख्खी नवीन ओढा. लालपण.